तीन-शून्य आणि शेवटचं टेबल

आमचा लाडका फुटबॉल क्लब तीन-शून्यनं जिंकला, त्या सकाळी बजाजनगरात टपरीवर आम्ही लई खुशीत होतो. काळेभाऊ तेवढे गप्प. ते कारखान्यात शेवटच्या टेबलावर तयार माल तपासतात.

मी म्हणलं, "भाऊ, जिंकलो की आपण."

"व्हय. पण गोलकीपरनं सात गोल अडवले. म्हणजे सात वेळा खराब माल शेवटच्या टेबलापर्यंत आला."

"बाहेर तर नाय गेला ना?"

"नाय गेला. पण सगळे जण गोल मारणाऱ्याच्या गळ्यात पडले. गोलकीपरपाशी कोण गेलं?"

भाऊंची बावीस वर्षं त्याच टेबलावर गेलीत.

पहिला चहा आम्ही त्यांच्या हातात दिला. त्यांनी ग्लास उजेडात धरून नीट तपासला, मगच प्यायले.