वाचेसाठी मौन

धारवाडच्या दवाखान्यात वाचा-उपचारवाल्या बाईंच्या खोलीबाहेर बसलो होतो. शेजारच्या बाकावर अर्धांगवायूने बोलणं गेलेले विरुपाक्षप्पा, एका बाजूला बायको नागरत्ना, दुसऱ्या बाजूला थोरली बहीण अंबक्का.

“उद्याच्या गाडीने याला केरळला नेते. चाळीस दिवस तेल चोळायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं वैद्यांनी सांगितलंय,” अंबक्का म्हणाली.

“वा, अक्का. वाचा यावी म्हणून मौन. बुडणाऱ्यालाही ते पाणीच पाजत असतील.”

“आणि तुझ्या बाई? साठीच्या माणसाला गाणी म्हणायला लावतात.”

“हरिकथेतली पदं त्यांच्या तोंडी अजून आहेत. त्याच चालीवर ‘पाणी दे’ शिकवलं. परवा म्हणाले.”

“म्हणजे आता पाणी मागायला मृदंग लागणार.”

“लागला तर तुम्ही वाजवा. तेल मी घरीच चोळते, बाईंची ना नाही. पण शिकवणी मोडली तर आलेले दोन शब्दही जातील.”

“तू कोण ठरवणार? माझ्या पाठचा भाऊ आहे तो.”

“आणि माझे ते नुसते शेजारी आहेत, नाही का?”

“तिकीट काढलंय मी.”

“त्यांना विचारलंत?”

“त्याला काय विचारायचं? बोलता येतंय का त्याला?”

विरुपाक्षप्पांनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला. दोघी थांबल्या. हरिकथेच्या चालीवर, एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, “जा...णार... ना...ही.”

माझे हात आपोआप जोडले गेले. नागरत्नाने पदर डोळ्यांना लावला.

अंबक्का म्हणाली, “सूर थोडा उतरलाच.”