काठाची पट्टी

ब्रह्मपुरीत जीप सवाऱ्यांसाठी थांबली होती. करिश्मा बसली होती, समोर दोघं जण. एकाच्या हाताला कोपरापर्यंत पांढरी पूड लागलेली. दुसरा त्याला केवळरामभाऊ म्हणत होता.

“तहसीलची पुराची बोट चमकवली म्हन्ते, भाऊ?”

“चमकवलो ना. फायबरची आहे. आधी घासलो, मंग मेण लावलो. तोंड दिसते तिच्यात.”

“मंग साहेब खूश असन.”

“नाई. म्हने, वरच्या काठाची पट्टी काऊन सोडली? तेवढीच मळकट दिसून राह्यली.”

“काऊन सोडली?”

“मागच्या साली सोडलो नव्हतो. साहेबानं पाठ थोपटली होती.”

“मंग?”

“मंग पूर आला. पान्यातल्या एका बाईनं तोच काठ धरला अन् हात सटकला. मेणावर पाच बोटं उमटली होती.”

“अन् बाई?”

“केस धरून वढलो. वाचली. पन दर खेपेले केस हाती येतेच, असं थोडी आहे.”

“हे साहेबाले सांगतलं?”

“नाई. मेण सरलं म्हनलो.”

जीप सुटली. हिसक्यानं केवळरामभाऊच्या पिशवीतला मेणाचा डबा घरंगळत करिश्माच्या पायाशी आला. तिनं उचलून दिला. चांगला जड होता.