कोपऱ्यावरचा आडवा टाका

नाव व पत्ता वर लिहिल्याप्रमाणे, वय ७१, शिक्षण चौथी, धंदा चामडी बॅगांची दुरुस्ती. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, तक्रारीला उशीर झाला, माफी असावी. कारण पुढे येईल.

दुकानात मी आणि धाकटी लेक, वय २६, दोघेच. दुकानाची वेबसाइट ती बघते. बाजारातल्या मोठ्या बॅगवाल्याच्या नावाचा तिने माझ्या फोनवर अलर्ट लावला होता. त्याच्याबद्दल इंटरनेटवर कुठे काही आलं की माझा फोन वाजे. मग ती त्या लिहिणाऱ्यांना आमच्या कामाचे फोटो पाठवी. ते आमच्याबद्दलही लिहीत, त्यामुळे इंटरनेटवर शोधलं की आमचं दुकान वर दिसू लागलं.

मी म्हणालो, "दिवसभर दुसऱ्याच्या दारात काय डोकावतेस?"

ती म्हणाली, "बाबा, त्याच दारातून तुमची गिऱ्हाइकं येतात."

पुढे जे बोलणं झालं ते लिहू नये. गेल्या सोमवारी दुपारी ती घरातून गेली. फोन बंद आहे.

बॅगवाल्याची बातमी कळते तशी लेकीचीही कळेल, असं समजून मी तिच्या नावाचा अलर्ट लावला आणि वाट बघत बसलो. फोन वाजला की हातातलं काम टाकून मी बघत असे. एकदा त्याच नावाची पोहण्याच्या शर्यतीतली मुलगी निघाली. एकदा अपघाताची बातमी होती. तीत वय निराळं निघालं.

इथले हवालदार आत्ता म्हणाले, "आजोबा, घर सोडून गेलेलं माणूस स्वतःची जाहिरात देतं का?" ते मला सुचलं नव्हतं.

आज सकाळी बॅगवाल्याचा अलर्ट आला. त्याच्या वेबसाइटवर नवीन बॅगेचा फोटो आहे. कोपऱ्यावर एकाच भोकातून दोनदा दोरा आणि वर आडवा टाका. असा टाका मी घालतो आणि माझी लेक घालते. बॅग पूर्वी आमच्याकडे शिवलेली असेल तर माझं म्हणणं खोटं ठरेल. पण दोरा नवा दिसतो, त्यावरचं मेण चकाकतं आहे.

मी त्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. आत गेलो नाही. मला बघून ती तिथूनही निघून जाईल.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तिला आणू नये. मी पाठवलं असंही सांगू नये. आत ती आहे का, एवढंच साध्या कपड्यातल्या माणसाने बघून यावं.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. फोनचा आवाज मोठा ठेवला आहे. असेल नसेल ते आजच कळवावं.