महानंदाताईंनी पुसायला लावलेली रेघ

देवणीहून आलेली ताईंच्या घरची मंडळी, त्यांच्या कॉलेजातली माणसं, विद्यार्थी, आणि गौरी, बाळा, तुलाही, तुमच्या रीतीनं हात जोडून म्हणतो, शरणार्थी.

मला बोलता येत नाही असं नाही. जन्म गेला फळ्यापुढं बोलण्यात. आज सकाळी नांदेडहून एस.टी.त बसलो तेव्हा सगळं भाषण मनात तयार होतं. अहमदपूर येईपर्यंत एकेक वाक्य गळून गेलं. इथं आलो तर दारातच गौरी उभी दिसली, आणि उरलंसुरलंही गेलं. तेव्हा जे येईल ते बोलतो. सांभाळून घ्या.

काहीजण मला ओळखत नसतील. मी नांदेडला प्राणिशास्त्र शिकवतो. ताई इथं लातूरला जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. दोघांचं संशोधन एकाच गोष्टीवर, प्रथिनांवर, म्हणून ओळख झाली, आणि मग घरोबा झाला. गौरी ही त्यांच्या थोरल्या भावाची, शिवराजअण्णांची लेक. अण्णा गेल्यावर ताईंनीच तिला वाढवलं. आणि परवा ताई गेल्या. ज्या आजारानं त्यांचे वडील गेले, अण्णा गेले, त्याच आजारानं.

मघाशी एक वक्ते म्हणाले, ताईंचं कार्य अमर आहे. असेल, साहेब. पण मी त्या कार्याला फोन करू का आता? त्याच्याशी भांडू का? माफ करा. मला राग आलाय. कुणावर आलाय, तेच कळत नाही.

ताई काय करायच्या, हे देवणीच्या मंडळींना कधी नीट कळलं नसेल. 'बाई कॉम्प्युटरवर रंगीत जाळी बघत बसते' एवढंच. मी सांगतो, ताईंच्याच पद्धतीनं.

आपलं शरीर प्रथिनांवर चालतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ही साखळी सरळ राहत नाही, गुंडाळून तिचा गोळा होतो. ताई वर्गात काय आणायच्या? बैलाचं दावं! वडिलांच्या गोठ्यातलं. त्याला जागोजाग गाठी, प्रत्येक गाठ वेगळ्या रंगात बुडवलेली. दावं टेबलावर गोळा करून ठेवायच्या आणि विचारायच्या, "ही लाल गाठ या टोकाची, ही हिरवी त्या टोकाची. आता बघा, कशा एकमेकीला टेकल्यात. कोण कुणाला टेकलंय, ते शोधायचं. त्याच्यावर गोळा टिकतो." एखादा हुशार पोरगा शेजारशेजारच्या गाठी दाखवायचा. "त्या न्हाई रे. त्या तर बांधलेल्याच हायत. लांबची माणसं जवळ आली का, ते सांग."

हे त्यांचं काम. कोण कुणाला टेकलंय. वर्षानुवर्षं.

त्या कामात एक नियम असतो. दोन आम्लं किती जवळ आली म्हणजे टेकली म्हणायचं, ते अंतर आधी ठरवायचं. फार बारीक अंतर असतं ते. केसाच्या जाडीचे लाखभर तुकडे करा, त्यातला एखादा. त्या अंतराच्या आत आली तर प्रथिनाच्या नकाशावर, कॉम्प्युटरवरच्या त्या जाळीत, रेघ ओढायची. बाहेर राहिली, तर नाही. पोरं काय करायची, रेघा कमी पडल्या की हळूच अंतर वाढवायची. निकाल कसा देखणा दिसतो! ताईंच्या नजरेतून ते सुटायचं नाही. "लगीन लागल्यावर पत्रिका जुळवायलास का रे? आधी अंतर ठरव, मग मोज." बसलेत इथं, ओरडा खाल्लेले. माना खाली घालू नका. मीही खाल्लाय.

तर अशा या ताई.

त्यांच्या घरातला आजार काय होता? एका प्रथिनात, एका जागी, मोठ्या आम्लाऐवजी लहान आम्ल आलेलं. बस, एवढंच. ते समोरच्यापर्यंत पोचत नाही. मग गोळा सैल पडतो, सुटतो, आणि नसांत, हृदयात साचत जातो. आधी तळपाय बधिर होतात, मग हात, मग हृदय. देवणीत म्हणायचे, घराला वारं लागलंय. ताईंनी ते वारं कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं होतं. ही जागा. हे आम्ल. इथं टेकायला पाहिजे होतं, टेकत नाही.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं, असं म्हणतात. मंडळी, आम्हाला कुठं लावायचं ते नेमकं माहीत होतं. ठिगळच नव्हतं.

ताईंचे स्वतःचे पाय बधिर व्हायला लागले, रक्ताचा अहवाल आला, तेव्हा त्यांनी मला लातूरला बोलावून घेतलं. दुपार होती. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. म्हणाल्या, "सर, तुमी पुन्हा मोजा. माझंच कायतरी चुकलं असंल." ज्या बाईनं आयुष्यात कुणाची चूक खपवून घेतली नाही, ती बाई स्वतःची चूक सापडावी म्हणून माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.

मी त्या आम्लापासून समोरच्यापर्यंतचं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. चूक नव्हती. रेघही नव्हती.

ताईंनी स्टूल आणखी पुढं ओढलं. मग, अगदी हळू, म्हणाल्या, "सर, अंतर थोडं वाढवून बघता का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मी वाढवलं. आणि रेघ आली. बारीक, लाल. आम्ही दोघं त्या रेघेकडं बघत बसलो. आम्हा दोघांनाही माहीत होतं, ती खरी नाही. तरी बघत बसलो. दवाखान्यात पेशंटनं डोळे उघडावेत आणि घरच्यांनी त्याच्याकडं बघावं, तशा ताई बघत होत्या. मला वाटलं, राहू दे आजचा दिवस. काय बिघडतंय?

"पुसा, सर," त्या म्हणाल्या. "आपुन वाढवलं म्हणून आत थोडंच जुळतंय."

मी पुसली. दुसरं काय करणार होतो?

ताई रोज सकाळी पूजेला बसायच्या, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन. गेल्या वर्षी एकदा फोनवर म्हणाल्या, "सर, लिंग हातावर हाय का न्हाई, हे आता डोळे उघडून बघावं लागतंय. मिटले की काहीच कळंना." मी हूं म्हटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि नुसतं हूं म्हटलं. परवा समाधी देताना तुम्ही रीतीप्रमाणं त्यांना बसवलंत, तळहातावर लिंग ठेवलंत, भस्म लावलंत, बेलाची पानं वाहिलीत. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. मला सारखं वाटत होतं, कुणीतरी त्यांना सांगा रे. ताई, आहे हातावर. आहे.

आता शेवटचं. हे गौरीला विचारून बोलतोय. ती म्हणाली, "सांगा काका, लपवून काय करायचंय."

हा आजार आईबापाकडून लेकराकडं येतो, किंवा येत नाही. छापा की काटा. ताई दवाखान्यात होत्या तेव्हा गौरीनं बाहेरच्या बाकावर मला विचारलं, "काका, माझ्यात बी असंल का ते?"

मी म्हटलं, "तपासल्याशिवाय कळत नाही बाळा."

"आन् कळलं तर? मग काय करायचं?"

मंडळी, औषधं निघालीत, काही जणांना लागू पडतात. या घराला पडतील का, ते छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही. तिचे मामा म्हणतात, तपासू नको, उद्या पोरीला कोण करून घेईल? मी काय त्यांना वेड्यात काढू? त्यांना तिची काळजी आहे. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, तपास. त्यांनाही काळजीच आहे. आणि मी, ज्याला त्या आम्लाची जागासुद्धा पाठ आहे, मी नुसता बाकावर बसून होतो.

गौरीनं तिचं तिनं ठरवलंय. उद्या सकाळी ती रक्त द्यायला जाणार आहे. मी आज लातूरलाच मुक्काम करतोय. तिच्यासोबत जाईन. सुई टोचताना शेजारी बसेन. याच्यापुढं माझं काही चालत नाही.

आता आपण थोडा वेळ शांत उभं राहू. गेलेल्या माणसासाठी उभं राहायची रीत आहे. पण ताईंचं काय व्हायचं ते होऊन गेलं. त्यांना आता आपल्याकडून काही नको. आजची ही शांतता आपण गौरीला देऊ. ज्याचा जो देव असेल, त्याला मनातल्या मनात साकडं घाला. ज्याला देव नाही, त्यानं माझ्यासारखं नुसतं उभं राहावं.

उठा, मंडळी.

गौरी, तू बस बाळा. आम्ही उभे आहोत.