खडकावरचं गरम जेवण

जूनच्या ऐन थंडीत, धुक्यातून मुलांजे नावाचा डोंगर उतरून आलेली दोन कुडकुडती पोरं म्हणजे दोन कप चहा नक्की, असा चहावाल्या एझेलिनाचा हिशेब होता. पण मिनीबसच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं त्यांना आधी गाठलं.

“तिघं गेला होतात ना रे? फातसानी कुठाय?”

“आजोबा, वर खडकावर गरम जेवण मांडलेलं होतं. आसपास माणूस नव्हतं.”

“डोंगर जे वाढतो ते मुकाट्यानं खावं.”

“आम्ही खाल्लं. फातसानी म्हणाला, ‘अधाशांनो, कुणाचं ते तरी विचारा!’ आणि ओरडलाच, ‘कुणाचंय हे?’”

“अरे देवा! मग?”

“धुक्यातून त्याच्या आईचा आवाज आला, ‘माझंच आहे. ये, बाळा.’”

“तिला पुरून वर्ष झालं!”

“तेच त्याला सांगत होतो. तोवर तो धुक्यात शिरला होता.”

“आणि तुम्ही जेवलात पोटभर.”

“हो, आजोबा. त्यानं घासही घेतला नव्हता.”