रीनाच्या रक्तातला आकडा

प्रीतम : आणखी एक पाऊल पुढं टाकलं, तर हा लोखंडी गज डोक्यात घालीन. दुकानातून उतर खाली.

धम्मदीप : पोलिस आणले नाहीत मी, प्रीतमभाऊ. एकटाच आलोय.

प्रीतम : काहून आला? प्लास्टर दाखवाले? माय, हाच तो. ह्याच्याच लॅबमधून रीनाचे रिपोर्ट येत होते.

सुभद्रा : वळखलं. बोलू दे त्याले. गज ठेव.

प्रीतम : नाही ठेवत. माझ्या बायकोले, तुझ्या सुनेले, तू आपली किडनी देली, माय. डाक्टर म्हणे, नवी किडनी टिकवाचं औषध रक्तात कमी दिसून राहिलं, डोस वाढवू. वाढवत गेले. आधी तिचे हात थरथरू लागले, मंग झटके आले, किडनी बंद पडली, रीना गेली. मी ह्याले विचाराले गेलो, तर म्हणे आकडा बरोबर आहे. तीनदा म्हणाला. मंग मी त्याचा हात लॅबच्या दारात धरला अन् दार लोटलं.

धम्मदीप : आकडा चूक होता.

(गजाचा फटका. काचेचं कपाट फुटतं.)

सुभद्रा : पुन्हा उचलला तर पहिले मले लागंल, प्रीतम. पोरा, तुले काच लागली का गा? कान पूस तो. अन् समजंल असं सांग.

धम्मदीप : मशीन रक्तातलं औषध मोजतं, काकू. पण रक्तात चरबी असते, बाकीच्या गोळ्या असतात. ते सगळं आधी काढून टाकावं लागतं. नाही काढलं, तर औषधाची खूण दबते. औषध भरपूर असतं, मशीनला थोडंच दिसतं. रीनाताईंच्या रक्तात चरबी फार वाढली होती.

प्रीतम : साफ करनं कोनाचं काम?

धम्मदीप : माझं. नमुने वाढले, म्हणून मी साफसफाईचा एक टप्पा गाळला. मशीन तपासायला जे रक्त वापरतो, त्यात चरबी नसते. ते बरोबर यायचं, म्हणून मी ठामपणे सांगत राहिलो. सध्या माझ्या जागी मोनाली आहे. तिनं आज सकाळी रीनाताईंचा उरलेला नमुना पूर्ण साफ करून लावला. मी चार लिहिलं होतं. सोळा निघालं.

प्रीतम : पाहिजे किती होतं?

धम्मदीप : पाच ते दहा.

प्रीतम : पंधरा दिवसांपासून तुझ्या हाडाचा आवाज कानातून जात नाही. वाटे, बेकसूर माणसाले मारलं. आता वाटून राहिलं, कमी मारलं.

धम्मदीप : मालक गप्प बस म्हणाले. मी इथून पोलिस ठाण्यात जाऊन सगळं लिहून देणार आहे.

सुभद्रा : ते मंग कर. असं रक्त आणखी कोनाकोनाचं मोजलं?

धम्मदीप : अकरा जणांचं. फोन नंबरांसकट यादी आणलीय. आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं.

सुभद्रा : ते जिते आहेत?

धम्मदीप : हो. वाढवलेल्या गोळ्या चालू आहेत.

सुभद्रा : संध्याकाळी पुन्हा घेतील ते. अन् तू इथं उभा राहून माफी मागून राहिला. प्रीतम, फोन काढ.

प्रीतम : माय, ह्याच्यासाठी?

सुभद्रा : ह्याच्यासाठी नाही.

प्रीतम : ...वाच गा, पहिलं नाव.