मागे बघणारा

(बोटी विकणाऱ्याचं मोठं गोदाम. दुपारची वेळ. ओंडक्यांवर टेकवलेल्या एका बोटीत तिघं चढले आहेत: एक म्हातारे घड्याळजी, त्यांची सून आणि विक्रेता.)

विक्रेता: ...म्हणून म्हणतो काका, ही गादी अशी उचलायची, की खाली माशांची टाकी. गादी टाकली, की झाली बसायची जागा. सकाळी मासे, दुपारी मजा. एका दगडात दोन पक्षी!

घड्याळजी: म्हणजे वर पोरं ओल्या चड्डीने बसणार आणि खाली मासे तडफडणार.

विक्रेता: झाकण घट्ट बसतं हो.

घड्याळजी: घट्ट बसतं म्हणे. हा स्क्रू बघा. पार खाच झिजलीय त्याची. ज्याने आवळला, त्याला घरी जायची घाई होती.

विक्रेता: अरे बापरे. काका, तुमची नजर म्हणजे...

सून: पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत त्यांनी. घरात नवा कुकर आणला तरी आधी उलटा करून बघतात.

घड्याळजी: वरून सगळंच चकचकीत असतं. तू उभी का? बस त्या खुर्चीवर. ती तुझी.

सून: माझी? अजून घेतली कुठे, बाबा? बाजारात तुरी...

घड्याळजी: असू देत बाजारात. बसून तर बघ. पाठ टेकते?

सून: टेकते.

घड्याळजी: झालं तर मग.

विक्रेता: काका, स्पष्ट विचारू? वापर कशाचा जास्त होणार? कारण काय होतं, दोन्ही हवं म्हणतात लोक, आणि मग धड ना हे, धड ना ते. नुसते मासेच धरायचे असतील, तर ती हिरवी बघा कोपऱ्यातली. दोन माणसांची. कडा बुटक्या, इंजिन छोटं. तलावात कुठेही गळ टाकून बसावं.

घड्याळजी: ती नको.

विक्रेता: बघून तर घ्या.

घड्याळजी: नको म्हटलं ना. तसली होती माझ्याकडे, लाकडाची. मी आणि माझा मुलगा जायचो. तो गेल्यावर मी विकून टाकली. आता मला सगळ्यांची हवी. आमची मोठी नात काय म्हणाली ठाऊक आहे? 'आजोबा, मासे धरणं म्हणजे शाळेचा तास, फक्त फळा नाही.'

सून: चेष्टा केली हो तिने.

घड्याळजी: चेष्टाच केली, पण खरी केली. तेरा वर्षांची पोर दोरीला बांधल्यासारखी तासभर का बसेल? तिला पायात फळ्या घालून पाण्यावर पळायचंय. धाकट्याला हवेच्या ट्यूबवर आपटत जायचंय. मग म्हटलं, पळा. दमलात की मी गळ टाकेन. तीन रविवार झाले, दोघं फिरकली नाहीत.

सून: परीक्षा होती, बाबा.

घड्याळजी: पहिल्या रविवारी परीक्षा. दुसऱ्या रविवारी धाकट्याला सर्दी. तिसऱ्याचं कारण तू फोनवर सांगितलंस, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी 'काय?' म्हटलं, पण परत विचारलं नाही.

विक्रेता: तर... खेळासाठी इंजिन हे. थोडं मोठं आहे.

घड्याळजी: थोडं? एवढ्याशा बोटीला हे धूड? नाकापेक्षा मोती जड.

विक्रेता: माणूस पाण्यातून उचलायचा म्हणजे ताकद लागते, काका. आणि माणसंही लागतात. ओढायचं असेल तर बोटीत दोघं हवेतच. एक चालवणारा, तो पुढे बघणार. दुसरा मागे बघणारा. त्याने पुढे बघायचंच नाही. नजर सतत दोरीच्या टोकावर. पोर पडलं की ओरडून सांगायचं.

घड्याळजी: तो मी.

सून: बाबा, तुमचे डोळे...

घड्याळजी: काय धाड भरलीय डोळ्यांना? पंचेचाळीस वर्षं भिंग उजव्या डोळ्याला लावलं. डावा अजून कोरा करकरीत आहे.

विक्रेता: वा! मग खुणा शिकून घ्या. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा. अंगठा वर म्हणजे जोरात. अंगठा खाली म्हणजे हळू. डोक्यावर थाप मारली म्हणजे घरी चला.

घड्याळजी: आणि पडल्यावर?

विक्रेता: पडल्यावर हात वर करायचा. म्हणजे पडलो, पण ठीक आहे. हात वर दिसला नाही तर समजायचं, लागलंय.

घड्याळजी: हात वर. पडलो, पण ठीक आहे. बरं.

विक्रेता: मग चालवणार कोण? ताई?

सून: छे, मी सायकलच्या पुढे काही चालवलेलं नाही.

घड्याळजी: चालवणारा आहे.

सून: कोण?

घड्याळजी: आहे. ही लाल दोरी कसली लोंबतेय?

विक्रेता: ही मोठ्या कामाची. एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला, की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. नाहीतर बोट एकटीच पुढे निघून जाते आणि माणूस मागे राहतो. एकट्याने जाणाऱ्याने तर ही बांधल्याशिवाय...

घड्याळजी: आम्हाला काय करायचीय. आमची बोट भरलेली असणार. पुढे बोला. माणसं किती?

विक्रेता: सहा. ही काय, पाटीच आहे.

घड्याळजी: सहा. बरोब्बर.

सून: सहा कशाला, बाबा? तुम्ही, मी, दोघं पोरं. चारच तर होतात.

घड्याळजी: पाचवा चालवणारा. सहावी त्याची आई.

सून: कोणाची आई?

घड्याळजी: कोणाची म्हणजे? त्या चष्मेवाल्याची. गुडघे दुखतात ना तिचे? तिला ती पुढची लांब गादी. पाय पसरून बसेल.

सून: बाबा...

विक्रेता: मी... मी जरा पाण्यात घालायच्या जाकिटांच्या मापांचा तक्ता घेऊन येतो हं. ऑफिसात राहिलाय.

सून: कोणी सांगितलं तुम्हाला?

घड्याळजी: धाकट्याने. त्याच्या तोंडात कधी तीळ भिजलाय? 'आजोबा, आईच्या चष्मेवाल्या मित्राला बोट चालवता येते. आणि त्याच्या आईचे गुडघे चालताना टकटक वाजतात.' दोन महिने झाले.

सून: दोन महिने! आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत?

घड्याळजी: तू तरी कुठे काढलास? मी वाट बघत होतो. दर रविवारी वाटायचं, आज सांगेल. तू आपली भांडी घासायचीस आणि निघायचीस.

सून: मला वाटलं, तुम्हाला राग येईल.

घड्याळजी: आला. का येऊ नये? माझा मुलगा गेलाय, तुझा नवरा. आठ दिवस राग आला. धड जेवलो नाही. पण घरात भांडायला कोणी नाही, मग तोही कंटाळून निघून गेला.

सून: असं नका ना बोलू.

घड्याळजी: अगं, खरं तेच बोलतोय. पाच वर्षं झाली. तू काय जन्मभर रविवारी येऊन माझी भांडी घासायचीस? मला एवढंच कळलं, की आता जागा करायला हवी. आणि माझ्या घरात जागा कुठली? दोन खुर्च्या आणि दुकानातून आणलेली ढीगभर घड्याळं. दिवसभर टिकटिक. माणसाचा आवाज काय तो रविवारी. तीन रविवार तोही नव्हता. घर खायला उठतं गं.

सून: माहीत आहे, बाबा.

घड्याळजी: नाही माहीत. माहीत नसावंही. तर म्हटलं, बोट घेऊ. बोटीत सगळी एकत्र बसतात. तो चालवेल, मी मागे बघेन, पोरं हसतील, म्हातारी गुडघे शेकेल उन्हात. आणि मुख्य म्हणजे बोटीतून कोणाला मध्येच उठून जाता येत नाही.

सून: मी आज सांगायलाच आले होते.

घड्याळजी: झालं की सांगून. तू नाही, मी सांगितलं, एवढंच. रडतेस काय? आणि तुला हिरवा आवडतो ना? हिच्यात हिरवा पट्टा मिळतो का विचारू.

सून: ते नव्हतं सांगायचं, बाबा. म्हणजे तेही होतं. पण ते अर्धंच.

घड्याळजी: आणि अर्धं?

सून: त्याची बदली झालीय.

घड्याळजी: कुठे?

सून: लांब. गाडीने आठ तास. लग्न करून आम्ही सगळेच चाललोय. शाळा सुरू व्हायच्या आत जायचं ठरतंय.

घड्याळजी: म्हणजे महिना राहिला.

सून: तीन आठवडे.

घड्याळजी: तो तिसरा रविवार...

सून: मी आणि तो घर बघायला गेलो होतो. तुम्ही 'काय?' म्हणालात आणि मला परत बोलवेना.

घड्याळजी: हं. आणि धाकटा? त्याने कसं नाही सांगितलं?

सून: परवाच सांगितलं दोघांना. त्याला शपथ घातली. म्हटलं, आजोबांना मीच सांगणार.

घड्याळजी: म्हणून फोनवर नुसता 'हो' आणि 'नाही'. मला वाटलं, बोटीचं ऐकून रुसलाय की काय. अहो! अहो बोटवाले!

विक्रेता: आलो, काका! हा घ्या तक्ता.

घड्याळजी: तक्ता राहू द्या. ही बोट गाडीच्या मागे लावून नेता येते ना?

विक्रेता: येते की. चाकांचा गाडा मिळतो हिच्यासाठी. म्हणाल त्या गावी न्या.

घड्याळजी: आठ तास?

विक्रेता: दहा तास न्या. काही होत नाही.

घड्याळजी: बघ. चालवणारा आहेच. तुम्ही बोट तिकडेच ठेवा, मी गाडीने येईन. महिन्यातून एकदा आलो तरी...

सून: बाबा.

घड्याळजी: बरं, दोन महिन्यांतून.

सून: बाबा, तिथे पाणी नाहीये.

घड्याळजी: म्हणजे?

सून: डोंगर आहेत सगळे. तलाव नाही, नदी नाही. मोठीने आधी तेच विचारलं.

घड्याळजी: तिने विचारलं?

सून: तिला वाटलं, बोट तिकडे आणता येईल.

घड्याळजी: हं.

विक्रेता: काका, पाणी आणू प्यायला?

घड्याळजी: नको.

सून: बाबा, बोला ना काहीतरी. ठीक आहात ना तुम्ही?

घड्याळजी: हात वर केलाय की. दिसत नाही?

सून: तुम्हीही चला आमच्याबरोबर. खरंच चला. एक खोली जास्तीची आहे.

घड्याळजी: तिचे वाजणारे गुडघे आणि माझी घड्याळं एका घरात? वेडा होईल तो चष्मेवाला.

सून: चेष्टा नका करू.

घड्याळजी: मग काय करू? नव्या घरात पहिल्याच दिवशी जुना सासरा नेऊन बसवतात का? तुझी सासू आता ती. तिला सांभाळ. माणूस बरा आहे ना तो?

सून: बरा आहे. तुमच्याबद्दल विचारतो. आज येणार होता, मीच नको म्हटलं.

घड्याळजी: यायला हवा होता. चालवताना बसतो कसा, ते बघितलं असतं.

सून: आम्ही येऊ, बाबा. प्रत्येक सुट्टीत येऊ.

घड्याळजी: याल. याल गं. पोरांना आता इथे थोडंच वाढायचंय? डोळे पूस. आणि उतर सांभाळून, तो ओंडका हलतोय.

विक्रेता: काका... मग हिचं काय करू? आठ दिवस राखून ठेवतो हवं तर.

घड्याळजी: नका ठेवू. बोट चांगली आहे. तो स्क्रू तेवढा बदला आणि भरल्या घराला विका.

विक्रेता: बरं.

घड्याळजी: ती हिरवी दाखवा. कोपऱ्यातली.

सून: बाबा, कशाला? एकटे जाणार तुम्ही पाण्यावर?

घड्याळजी: एकटा घरी बसतोच आहे. तिथे निदान मासे तरी असतील. अहो, एका माणसाची नसते का हो बोट?

विक्रेता: नाही, काका. दोघांचीच असते. जाणारा एकटा जातो.

घड्याळजी: बरं. तिला मागे शिडी लावता येईल?

विक्रेता: येईल ना. नातवंडं सुट्टीत आली की पोहून वर चढायला बरी.

घड्याळजी: हं. त्यांनाही होईल. आणि ऐका, ती लाल दोरी मघाशी मी नीट बघितली नाही. मनगटाला कशी बांधायची, ते पुन्हा एकदा दाखवा.